मॅन्युअल फोकस: वाइड लेन्सची रीत वेगळी, टेलीची वेगळी

कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या स्क्रीनवर फोटो खणखणीत दिसतो. घरी लॅपटॉपवर उघडला की कळतं, पुढची फुलंही पुसट आहेत आणि मागचा डोंगरही. वाइड लेन्स (दृश्याचा रुंद भाग टिपणारी) वापरणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा हीच असते. टेलीवाल्यांचं, म्हणजे लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्सवाल्यांचं, रडगाणं निराळं: दहा फोटोंपैकी एकात पक्ष्याचा डोळा शार्प, बाकीच्यांत कधी शेपूट, कधी पुढचं गवत, कधी काहीच नाही.

दोघंही ५० मिमीच्या लेन्सवर लागलेली सवय पुढे चालवत असतात. डोळा लावायचा, लेन्सवरची फोकसची रिंग फिरवायची, बरं दिसलं की क्लिक. वाइडवर हे चालत नाही, कारण तिथे चूक झाली तरी डोळ्याला दिसत नाही. तिथे अंतर ठरवून फोकस करावा लागतो. टेलीवर चूक लगेच दिसते, पण बरोबर लावलेला फोकस जागेवर राहत नाही. तिथे रिंगला हात लावण्याआधी कॅमेरा, जागा आणि विषय यांचा बंदोबस्त करावा लागतो.

ऑटोफोकस असताना ही उठाठेव कशाला, असं कुणी विचारेल. अंधारात तो चाचपडत राहतो, गवताआडचा पक्षी सोडून गवत पकडतो, अगदी जवळच्या फुलापासून क्षितिजापर्यंत सगळं हवं असेल तर नेमकं कुठे थांबायचं हे त्याला कळत नाही. या तीन प्रसंगी रिंग आपल्या हातात हवी. बाकी वेळी खुशाल ऑटोफोकस वापरा.

## १. घरी करायची तयारी

ही तयारी जागेवर गेल्यावर करू नका. पहाटेच्या अंधारात मेनू शोधण्यात उजाडून जातं.

डायऑप्टर लावा. व्ह्यूफाइंडरच्या, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीच्या, शेजारी ती तुमच्या नजरेला जुळवणारं छोटं चाक किंवा सरकपट्टी असते. लेन्सवर झाकण ठेवा किंवा कॅमेरा कोऱ्या भिंतीकडे धरा आणि व्ह्यूफाइंडरमधले आकडे व फोकस पॉइंटच्या रेषा स्वच्छ दिसेपर्यंत ते फिरवा. समोरच्या दृश्याकडे बघून डायऑप्टर लावणं ही सर्रास होणारी चूक आहे. चष्मा लावून फोटो काढत असाल तर हे कामही चष्मा लावूनच करा. बॅगेत घासून हे चाक हलतं, म्हणून दर वेळी एकदा तपासा.

स्विच कुठे आहे ते बघा. बऱ्याच लेन्सवर एएफ–एमएफ (ऑटोफोकस–मॅन्युअल फोकस) असा स्विच असतो. निकॉनच्या काही बॉडींवर आणखी एक असतो. निकॉनच्या एएफ-पी १८–५५ किट लेन्सला स्विचच नाही, तिथे मेनूतून बदल करावा लागतो. स्विच एएफवर असताना जुन्या, स्वस्त किट लेन्सची पुढची रिंग जबरदस्तीने फिरवू नका. आतले दाते खराब होतात.

रिंगची दिशा पाठ करा. कॅनन आणि निकॉनच्या रिंगा एकमेकींच्या उलट दिशेने फिरतात. मित्राची लेन्स मागून नेली असेल तर अनंताकडे (सगळ्यात लांबच्या फोकसकडे) जाताना रिंग कुठल्या बाजूला जाते हे दहा-वीस वेळा फिरवून हाताला कळू द्या. टेलीवर उडत्या पक्ष्यामागे जाताना विचार करायला वेळ नसतो.

मॅग्निफायसाठी एक बटण राखून ठेवा. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर दृश्य दिसत असताना, चित्र पाचपट, दहापट मोठं करून दाखवणारं बटण म्हणजे मॅन्युअल फोकसचा खरा डोळा. ते मेनूच्या तिसऱ्या पानात दडलेलं असेल तर बाहेर काढून एखाद्या कस्टम बटणावर बसवा.

फोकस पीकिंगची तीव्रता कमी ठेवा. मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांत शार्प कडांवर लाल किंवा पिवळा रंग चढतो, तेच हे. तीव्रता जास्त ठेवली की सगळंच रंगतं आणि उगाच धीर येतो.

सोबत घ्या: मेजपट्टी, डोक्याला लावायचा लाल उजेडाचा टॉर्च, लेन्स पुसायचं कापड, रंगारी वापरतात ती कागदी टेप. इलेक्ट्रिशियनची काळी टेप टाळा, उन्हात तिचा डिंक रिंगवर राहतो.

> तपासा: टेबलावर वर्तमानपत्र तिरकं ठेवा, मधल्या एका ओळीवर दहापट मॅग्निफाय करून फोकस करा आणि फोटो काढा. तीच ओळ सगळ्यात शार्प आली का? व्ह्यूफाइंडरमधून हाच प्रयोग केल्यावर दुसरी ओळ शार्प येत असेल, तर डीएसएलआरच्या (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याच्या) ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरवर विसंबू नका. पूर्वीच्या फिल्म कॅमेऱ्यांत फोकससाठी मधोमध दुभंगलेली प्रतिमा दिसायची. आजच्या डीएसएलआरची काच उजळ चित्रासाठी केलेली असते, अचूक फोकससाठी नाही.

## २. रिंग आत कशाला जोडली आहे, ते ओळखा

कॅमेरा बंद ठेवून रिंग फिरवा. लेन्सवरचा अंतराचा आकडा सरकतो किंवा पुढचा भाग आत-बाहेर होतो, म्हणजे रिंग मेकॅनिकल आहे. रिंग नुसतीच गोल फिरते, कुठे अडत नाही आणि आत काही हलत नाही, तर ती इलेक्ट्रॉनिक. कॅननच्या एसटीएम लेन्स आणि मिररलेसच्या बहुतेक लेन्स या दुसऱ्या प्रकारात मोडतात.

हे कळून घेणं गरजेचं आहे, कारण इलेक्ट्रॉनिक रिंगच्या तीन खोड्या आहेत. पहिली: अनेक कॅमेऱ्यांत ती जोरात फिरवली तर फोकस लांब उडी मारतो आणि हळू फिरवली तर थोडासा सरकतो. त्यामुळे 'इथून इथपर्यंत फिरवायचं' असं अंतर हाताला पाठ होत नाही. मेनूत 'लिनिअर' असा पर्याय असेल तर तो निवडा. दुसरी: कॅमेरा बंद झाला किंवा झोपी गेला की फोकस मूळ जागी जाऊ शकतो. म्हणून ऑटो पॉवर ऑफची वेळ वाढवा. तिसरी: अशा रिंगवर टेप लावून फायदा नाही. टेप रिंगला धरते, आतल्या मोटरला नाही.

## ३. फरक किती, ते आकड्यांत

फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २४ मिमीची लेन्स एफ/८ला (हा अ‍ॅपर्चरचा, म्हणजे लेन्समधल्या छिद्राचा आकडा; आकडा मोठा तितकं छिद्र लहान) ठेवून फोकस २.४ मीटरवर लावा. सव्वा मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं चालण्याजोगं शार्प येतं. आता २०० मिमीची लेन्स एफ/२.८ला ठेवून पाच मीटरवर फोकस करा. शार्प पट्टा मिळतो जेमतेम १० सेंटिमीटरचा. क्रॉप (लहान) सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ३०० मिमी, एफ/५.६ आणि अंतर दहा मीटर असेल तर सुमारे २५ सेंटिमीटर. पाच मीटरवर तोच पट्टा सहा सेंटिमीटरवर येतो, म्हणजे बगळ्याचा डोळा शार्प असताना शेपूट पुसट होणारच.

अंतर निम्मं झालं की पट्टा साधारण चौथाईवर येतो. टेलीच्या बाबतीत हे एवढं लक्षात ठेवलं तरी बाकीचे आकडे विसरले तरी चालतील.

## ४. वाइड, दिवसा: पुढे फुलं, मागे क्षितिज

उदाहरणाला साताऱ्याजवळचं कास पठार घेऊ. सप्टेंबरमध्ये तिथे तेरडा, गेंद, सीतेची आसवे अशी बुटकी फुलं असतात, वर ढगांनी भरलेलं आकाश. प्रत्येकाला हाच फोटो हवा असतो: फूल लेन्सला टेकेल इतकं जवळ, मागे पठार पसरलेलं. आणि नेमका हाच फोटो सगळ्यात जास्त बिघडतो.

बिघडतो तो अशा क्रमाने. लोक आधी चौकट ठरवतात, मग फुलावर फोकस करतात, मग एफ/२२ लावतात आणि 'आता सगळं येईल' म्हणून क्लिक करतात. फुलावर फोकस केला की शार्प पट्ट्याचा पुढचा भाग फुलाच्या अलीकडच्या मोकळ्या हवेवर वाया जातो. वर एफ/२२ला डिफ्रॅक्शनमुळे (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) सगळंच चित्र जरा पातळ होतं. योग्य क्रम असा:

१. चौकट पक्की करा आणि ट्रायपॉड लावा. फोकसनंतर कॅमेरा हलवायचा नाही. वाइडमध्ये याचं महत्त्व टेलीपेक्षा जास्त आहे, कारण पुढे सांगतो.

२. चौकटीतली सगळ्यात जवळची शार्प हवी असलेली वस्तू शोधा. ती बहुधा खालच्या कडेला असते: फूल नव्हे, फुलाच्या पुढचं पान किंवा दगड. चौकटीच्या चारही कडांवर नजर फिरवल्याशिवाय हे उत्तर मिळत नाही.

३. अंतर मोजा. कॅमेऱ्याच्या वरच्या बाजूला गोलातून आडवी रेघ गेलेली खूण असते. सेन्सर तिथे आहे. अंतर त्या खुणेपासून मोजायचं, लेन्सच्या टोकापासून नाही. दोन मीटरवर हा फरक नगण्य असतो, अर्ध्या मीटरवर नसतो. कुंपणाच्या आत पाऊल टाकून मोजायला जाऊ नका. फुलं तुडवून काढलेल्या फोटोचं कौतुक कुणालाच नसतं. मेजपट्टी पोचत नसेल तर अंदाज घ्या आणि शंका आली तर अंतर कमी धरा.

४. त्या अंतराच्या दुप्पट अंतरावर फोकस करा. जवळची वस्तू एक मीटरवर असेल तर फोकस दोन मीटरवर. असं केल्यावर जवळची वस्तू आणि क्षितिज दोन्हीकडे पुसटपणा सारखा वाटला जातो. दुप्पट अंतरावर एखादी बॅग किंवा चप्पल ठेवा, तिच्यावर दहापट मॅग्निफाय करून फोकस करा, मग ती काढून घ्या.

५. आता अ‍ॅपर्चर निवडा. एफ/८ला फोकसचं अंतर किती हवं, ते खाली दिलं आहे. तुमचं दुप्पट अंतर तेवढं किंवा जास्त असेल तर एफ/८ पुरेसं, कमी असेल तर अ‍ॅपर्चर आणखी बंद करावं लागतं. पुढची शार्पनेस या अंतराच्या निम्म्यापासून सुरू होते.

फुल फ्रेम, एफ/८:
- १४ मिमी: ८० सेमी
- १६ मिमी: १.१ मीटर
- २० मिमी: १.७ मीटर
- २४ मिमी: २.४ मीटर
- ३५ मिमी: ५.१ मीटर

क्रॉप सेन्सर, एफ/८:
- १० मिमी: ६५ सेमी
- १६ मिमी: १.६ मीटर
- १८ मिमी: २ मीटर
- २४ मिमी: ३.६ मीटर

हे आकडे 'चालण्याजोग्या' शार्पनेसचे आहेत, म्हणजे मध्यम आकाराच्या प्रिंटचे. भिंतीवर मोठी प्रिंट लावायची असेल किंवा मॉनिटरवर १०० टक्के करून बघायची सवय असेल, तर फोकस तिथेच ठेवून अ‍ॅपर्चर एक स्टॉप आणखी बंद करा: एफ/८च्या जागी एफ/११.

किट लेन्सवाल्यांनी एक हिशेब ध्यानात घ्यावा. १८ मिमीवर फूल ५० सेंटिमीटरवर असेल तर फोकस एक मीटरवर येतो आणि क्षितिजापर्यंत पोचायला एफ/१६ लागतं. क्रॉप सेन्सरवर एफ/१६ला डिफ्रॅक्शन दिसू लागतं. त्यापेक्षा अर्धा मीटर मागे सरा. फूल एक मीटरवर गेलं की तेच काम एफ/८ला होतं. फूल चौकटीत लहान दिसेल, पण दिसेल. मागे सरायचंच नसेल तर दोन फोटो काढा, एक फुलावर फोकस करून आणि एक लांब, आणि नंतर संगणकावर जोडा. फुलं वाऱ्याने हलत असतील तर मात्र हा उपाय सोडून द्या, आणि कासवर वारा नसतो असा दिवस क्वचितच मिळतो.

६. मॅग्निफाय करून तीन ठिकाणं बघा: जवळची वस्तू, क्षितिज आणि एक कोपरा. डीएसएलआरमध्ये लाइव्ह व्ह्यू साधारणपणे अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून दाखवतो, म्हणून डेप्थ ऑफ फील्ड प्रिव्ह्यूचं बटण दाबून बघा. चित्र काळवंडेल, ते अपेक्षित आहे.

> सावध: मधोमध फोकस करून मग कॅमेरा वळवून चौकट बदलणं वाइडमध्ये महागात पडतं. २४ मिमीवर एक मीटरवरच्या फुलावर फोकस करून कॅमेरा ३० अंश वळवला, तर फोकसची पातळी फुलाच्या सुमारे १३ सेंटिमीटर मागे जाते. टेलीमध्ये दृश्याचा कोनच इतका लहान असतो की एवढं वळवायची वेळ येत नाही. म्हणून वाइडमध्ये फोकसची चौकट स्क्रीनवर हलवा, कॅमेरा नको.

> सावध: वाइडवर पीकिंगचा भरवसा धरू नका. दृश्यातला प्रत्येक तपशील इतका बारीक असतो की अर्धा मीटर इकडेतिकडे झालं तरी सगळ्या कडा रंगलेल्या दिसतात.

कोपरे मधल्यापेक्षा मऊ येत असतील तर लगेच लेन्सला दोष देऊ नका. अनेक वाइड लेन्सची फोकसची पातळी सपाट नसते, किंचित वाकलेली असते. मुख्य विषय जिथे आहे, तिथेच मॅग्निफाय करून फोकस केला की अर्धी तक्रार मिटते.

## ५. वाइड, रात्री: तारे

'वाइड लेन्स आहे, तीन मीटरच्या पुढे कुठेही लावला तरी तारे शार्प येतील,' हे हिशेबात बसतं. १४ मिमी, एफ/२.८ला फुल फ्रेमवर तो आकडा २.३ मीटर येतो. पण वरचा हिशेब डोंगर-झाडांसाठी आहे. तारा हा बिंदू असतो. तो किंचित पसरला तरी फिका होतो आणि बारीक तारे तर नाहीसेच होतात. म्हणून ताऱ्यांसाठी फोकस ताऱ्यावरच.

लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर रिंग नेऊन ठेवणं ही दुसरी चूक. खूण फार तर अंदाज देते. रिंग शेवटच्या टोकाला टेकवणं त्याहून वाईट, कारण बऱ्याच लेन्स अनंताच्याही पुढे जातात.

१. उजेड असताना लांबच्या डोंगरावर ऑटोफोकस करा आणि स्विच एमएफवर टाका. रिंग मेकॅनिकल असेल तर तिची जागा पेन्सिलने टिपून ठेवा. भंडारदऱ्याला असाल तर समोरची डोंगररांग त्यासाठी पुरेशी लांब आहे.

२. अंधार पडल्यावर सगळ्यात तेजस्वी ठिपका निवडा. उन्हाळ्यात आकाशगंगा टिपायची असेल तर स्वाती, अभिजित किंवा ज्येष्ठा. हिवाळ्यात लुब्धक. गुरू किंवा शुक्र वर असेल तर आणखी सोपं.

३. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) वाढवा, तारा स्क्रीनच्या मध्याजवळ घ्या, दहापट मॅग्निफाय करा. तारा दिसतच नसेल तर फोकस फारच चुकलेला असतो. पेन्सिलच्या खुणेवर परत या.

४. रिंग अगदी हळू फिरवा. ठिपका लहान होत जाईल, मग पुन्हा मोठा होऊ लागेल. तो पुन्हा मोठा होईपर्यंत पुढे गेल्याशिवाय लहानात लहान कुठे होता ते कळत नाही. मग परत या. २४ मिमीच्या लेन्सवर दोन मीटर ते अनंत हा सगळा प्रवास रिंगच्या थोड्याशा फिरण्यात संपतो, म्हणून मनगटाने नाही, दोन बोटांच्या टोकांनी फिरवा.

५. मेकॅनिकल रिंगवर कागदी टेप लावा. झूम असेल तर झूमच्या रिंगवरही. कॅमेरा आकाशाकडे रोखला की जड झूम लेन्स आपल्या वजनाने खाली सरकते आणि फोकसही बिघडतो.

६. आयएसओ ३२०० आणि दहा सेकंदांचा एक फोटो काढून १०० टक्क्यांवर बघा. तारे गोल ठिपके हवेत. सगळ्याच ताऱ्यांचे एकसारखे फुगीर ठिपके आले तर फोकस चुकला आहे. एकाच दिशेने ओढलेल्या रेघा आल्या तर शटर फार वेळ उघडं राहिलं.

> तपासा: तासाभराने पुन्हा. रात्री गारठा वाढला की लेन्स किंचित आकसते. सह्याद्रीत पावसाळ्याच्या आगेमागे दव पडतं, काचेवर बाष्प साचतं आणि फोटो अचानक धूसर होतात. अशा वेळी रिंग फिरवत बसू नका. आधी काचेवर टॉर्च मारून बघा.

## ६. टेली: रिंगआधी कॅमेरा स्थिर करा

मॅग्निफाय केल्यावर ३०० मिमीच्या लेन्सचं चित्र इतकं थरथरतं की फोकस लागला की नाही हेच कळत नाही. त्यामुळे इथे पहिलं काम रिंगचं नाहीच.

- लेन्सला ट्रायपॉड कॉलर (लेन्सभोवतीचं कडं) असेल तर ट्रायपॉड कॉलरला लावा, बॉडीला नाही. बॉडीला लावला तर सगळं वजन पुढे झुकतं.
- हातात धरून फोटो काढत असाल तर स्टॅबिलायझेशन (थरथर कमी करणारी सोय) चालू ठेवा आणि शटर अर्धं दाबून चित्र स्थिर झालं की मग फोकस करा. भक्कम ट्रायपॉडवर, सगळं घट्ट असताना, ते बंद करून बघा. काही लेन्समध्ये ते ट्रायपॉडवर उलटं काम करतं.
- होडीत ट्रायपॉड नेऊ नका. भिगवणला, उजनीच्या फुगवट्यावर, होडी हलते ती ट्रायपॉडसकट. तांदूळ किंवा कडधान्य भरलेली कापडी पिशवी काठावर ठेवून त्यावर लेन्स टेकवा.
- ताडोब्यात जिप्सीचं इंजिन चालू असताना कितीही बारकाईने फोकस केला तरी वाया जातो. ड्रायव्हरला आधी इंजिन बंद करायला सांगा.

दुपारी एकदोनच्या सुमारास लांबच्या विषयाचं चित्र मॅग्निफायमध्ये वितळल्यासारखं हलत असेल तर तो फोकसचा दोष नाही. तापलेल्या जमिनीवरची हवा हलते आहे. याला रिंगेत इलाज नाही. जवळ जा किंवा सकाळी या.

## ७. टेली, स्थिर विषय

१. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून फोकस करा. पट्टा जितका अरुंद, तितकी चूक ठळक दिसते. फोटो एफ/८ला काढायचा असला तरी फोकस उघड्या अ‍ॅपर्चरवर. जुन्या, पूर्ण मॅन्युअल लेन्समध्ये अ‍ॅपर्चरची रिंग आधी उघडा, फोकस झाल्यावर मोजून क्लिक ऐकत बंद करा. काही वेगवान (अ‍ॅपर्चर खूप उघडणाऱ्या) लेन्समध्ये अ‍ॅपर्चर बंद करताना फोकस किंचित सरकतो. तुमच्या लेन्सला ही खोड आहे का, ते वर्तमानपत्राच्या प्रयोगात कळेल. असेल तर तिला वापरायच्या अ‍ॅपर्चरवरच फोकस करा.

२. आधी ढोबळ, मग बारीक. मॅग्निफाय न करता विषय ओळखू येईल इतका फोकस आणा. सुरुवातीलाच दहापट मोठं केलं तर स्क्रीनवर फक्त करडा धूर दिसतो आणि आपण पक्ष्यावर आहोत की पाण्यावर, तेही समजत नाही.

३. डोळ्यावर मॅग्निफाय करा. डोळ्यातली चकाकी किंवा चोचीच्या मुळाशी असलेली पिसं. पंखांचा मोठा पसारा फोकसला सोपा वाटतो, पण तो डोळ्याच्या पातळीत नसतो.

४. पुढे जा, मागे या. शार्प जागा ओलांडा, उलट फिरा, पुन्हा ओलांडा. हेलकावा दर वेळी लहान करा. दोन-तीन फेऱ्यांत जागा सापडते. एकाच दिशेने येऊन 'बास, इथे' म्हणून थांबणारे बहुधा अलीकडेच थांबलेले असतात.

५. मॅग्निफायमधून बाहेर या, चौकट बघा, तीन-चार फोटोंची सलग मालिका काढा. श्वासाबरोबर तुम्ही पुढेमागे होता, पक्षीही होतो. मालिकेत एखादा नेमका बसतो.

पीकिंग इथे बऱ्यापैकी उपयोगी पडतं. रंगाची पट्टी अरुंद असते आणि ती पक्ष्यावरून सरकताना दिसते. पुढे गवताची काडी असेल तर मात्र आधी काडीच रंगते. ती मागे टाका आणि पट्टी डोळ्यावर येईपर्यंत रिंग फिरवत राहा.

> तपासा: शटर बटण अर्धं दाबल्यावर लेन्स पुन्हा ऑटोफोकस करत नाही ना? स्विच एएफवर ठेवून रिंगने दुरुस्ती करणाऱ्यांची सगळी मेहनत क्लिकच्या क्षणी पुसली जाते. एमएफवर जा, नाहीतर ऑटोफोकस मागच्या बटणावर हलवा.

अनंताबद्दल दोन शब्द. टेली लेन्सची रिंग अनंताच्या खुणेच्या पुढेही फिरते, ती मुद्दाम तशी ठेवलेली असते, कारण तापमानानुसार अनंताची जागा सरकते. ४०० मिमी, एफ/५.६ला फुल फ्रेमवर तर अर्धा किलोमीटर लांबचा डोंगरही अनंत धरता येत नाही. चंद्राचा फोटो काढायचा असेल तर त्याच्या उजेड-अंधाराच्या सीमेवर, जिथे विवरांच्या सावल्या लांब पडतात, तिथे मॅग्निफाय करा. पौर्णिमेला सावल्या नसतात, तेव्हा कडेवर करा.

## ८. टेली, हलता विषय

पक्ष्याच्या मागे रिंग पळवत फोकस राखणं जमतं, पण त्याला सराव लागतो आणि इलेक्ट्रॉनिक रिंगवर ते जवळपास अशक्य आहे. त्यापेक्षा जागा आधी पकडा.

१. पक्षी कुठे येणार ते हेरा. खंड्या त्याच त्या फांदीवर परत येतो. वाघ पाणवठ्याकडे जाणाऱ्या पायवाटेवरून येतो. रोहित पक्ष्यांचा थवा उडाला की वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने उठतो, म्हणून वारा कुठून आहे ते आधी बघा.

२. तेवढ्याच अंतरावरच्या एखाद्या वस्तूवर फोकस करा: फांदीचं टोक, पाण्यातला खुंट, वाटेवरचा दगड. मग रिंगला हात लावू नका.

३. पट्टा थोडा रुंद करा. उजेड असेल तर एफ/८. वेगवान पक्ष्यासाठी शटर १/२००० सेकंदाच्या आसपास. त्यासाठी आयएसओ चढला तर चढू द्या. दाणेदार फोटो स्वच्छ करता येतो, पुसट फोटोला काही करता येत नाही.

४. आडवा जाणारा विषय निवडा. समोरून सरळ अंगावर येणारा पक्षी १० सेंटिमीटरचा पट्टा डोळा मिटायच्या आत ओलांडतो. बाजूने जाणाऱ्याचं अंतर फारसं बदलत नाही.

५. पक्षी शार्प होण्याच्या किंचित आधी सलग फोटो सुरू करा. शार्प दिसल्यावर बोट दाबलं तर तो पुढे गेलेला असतो.

होडीतून काढताना अंतर तुम्हीच बदलत असता. नावाड्याला सांगून होडी थांबवा, ती पूर्ण स्थिरावू द्या, मग फोकस लावा. होडी पक्ष्यांच्या दिशेने चालू असताना लावलेला फोकस पोचेपर्यंत जुना होतो. आणि थव्याला उडवण्यासाठी होडी आत घालायला सांगू नका, तो फोटो दुसऱ्याने काढला तरी चालेल.

## ९. झूमची फसवी युक्ती

'झूम पूर्ण आत घेऊन फोकस करा, मग वाइडवर या' हा सल्ला सिनेमाच्या आणि काही व्हिडिओ लेन्ससाठी खरा आहे. फोटोग्राफीच्या बहुतेक झूम लेन्समध्ये फोकल लांबी बदलली की फोकसही सरकतो. वाइडवर आल्यावर तो बिघडलेला दिसत नाही, कारण वाइडमध्ये चूक दिसतच नाही. म्हणून ही युक्ती इतकी वर्षं टिकून आहे. तुमच्या लेन्सची परीक्षा घ्या: ५५ किंवा २०० मिमीवर फोकस करा, १८ किंवा ७० मिमीवर या, दहापट मॅग्निफाय करा, रिंग किंचित हलवून आणखी शार्प होतं का बघा. होत असेल तर नियम एकच: आधी झूम ठरवा, मग फोकस.

## १०. घरी आल्यावर: चूक कुठली ते ओळखा

१०० टक्क्यांवर उघडून या क्रमाने बघा.

- चौकटीत कुठेतरी तरी काही शार्प आहे का? असेल तर फोकस चुकीच्या जागी गेला. ते विषयाच्या पुढे आहे की मागे, ते टिपा. दर वेळी एकाच बाजूला येत असेल तर डायऑप्टर आणि व्ह्यूफाइंडर तपासा.
- कुठेच शार्प नाही आणि कडा दुहेरी किंवा एका दिशेने ओढलेल्या आहेत? कॅमेरा हलला. फोकस बरोबर असू शकतो. शटरचा वेग वाढवा.
- वाइडमध्ये जवळचं शार्प, क्षितिज पुसट? दुप्पट अंतराऐवजी फुलावरच फोकस केला असणार.
- वाइडमध्ये सगळंच एकसारखं जरा मऊ? अ‍ॅपर्चर बघा. एफ/१६ किंवा त्यापुढे असेल तर डिफ्रॅक्शन, नसेल तर काचेवरचा ओलावा.
- टेलीमध्ये मालिकेतला पहिला शार्प, नंतरचे हळूहळू पुसट? विषय पट्ट्यातून बाहेर चालत गेला. पुढच्या वेळी बाजूने जाणारा पकडा किंवा जरा लांब थांबा.
- ताऱ्यांचे फोटो रात्री दहापर्यंत ठीक, अकराला फुगीर? थंडीने फोकस सरकला, टेप सुटली किंवा कॅमेरा मध्येच झोपून जागा झाला. फाइलींच्या वेळा बघितल्या की यातलं कुठलं ते कळतं: बिघाड हळूहळू वाढत गेला असेल तर थंडी, एका फोटोपासून अचानक सुरू झाला असेल तर टेप किंवा पॉवर ऑफ.